फॅट किती लागलं, पाव्हणं?

आमचे व्याही कोल्हापूरकडच्या एका दूध संस्थेचे तीस वर्षं सचिव होते. नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी ते मनातल्या मनात त्याचं फॅट काढतात. गेल्या उन्हाळ्यात ते आणि मी एकाच वेळी मुलांच्या घरी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी मुक्कामाला होतो. दोघांचेही गुडघे कुरकुरत होते आणि दोघांनाही दुसरा विषय नव्हता.

या राज्यात हौसेखातर गांजा ओढणं बेकायदा. त्याचा सख्खा भाऊ मात्र पेट्रोलपंपावर खारवलेल्या शेंगदाण्यांच्या शेजारी उघड मांडलेला. भावाचं नाव हेम्प. झाड तेच, जात तीच, फक्त दाखला वेगळा. सुक्या वजनाच्या 0.3 टक्क्यांपर्यंत डेल्टा-9 टीएचसी, म्हणजे झिंग आणणारं द्रव्य, असेल तर ते हेम्प. त्याच्या वर गेलं की गांजा. 2018च्या शेती कायद्यानं देशभर हे ठरवून दिलं.

हा 0.3 आला कुठून? 1976 साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडांची वर्गवारी केली. कुठेतरी रेघ ओढायलाच हवी होती म्हणून त्यांनी कोवळ्या पानांतल्या 0.3 टक्क्यांवर ओढली, आणि ती आपल्या मर्जीनं ओढली आहे असं प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. पुढे कायदेवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलली. बांधावरचा दगड कुणी टाकला हे न विचारता सातबारा तयार झाला.

गुडघ्यांसाठी म्हणून आम्ही त्या पेट्रोलपंपावर गेलो, तेव्हा दुकानातल्या पोरानं आमच्यापुढे हेम्पच्या गोळ्यांचे तीन डबे मांडले. फुल स्पेक्ट्रम, ब्रॉड स्पेक्ट्रम आणि आयसोलेट. मी भारावून मान डोलावली. व्याह्यांनी लगेच उलगडा केला. "पयलं म्हंजे म्हशीचं निरसं दूध, झाडातलं समदं त्यात, टीएचसीसकट. दुसऱ्यातनं तेवढं टीएचसी काढलंय. तिसरी नुसती सीबीडीची, म्हंजे झाडातल्या झिंग न आणणाऱ्या द्रव्याची, पावडर." तीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही तो असा.

पोरगा समतोलावर बोलू लागला. शरीराचा बॅलन्स, मनाचा बॅलन्स, या गोळीतला बॅलन्स. तो शब्द त्यानं इतक्यांदा उच्चारला, की मला पासबुक भरायला आल्यासारखं वाटलं. मग त्यानं चौथी वस्तू काढली, हेम्पच्या बियांचं तेल. त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा सगळ्यांत मोठा आणि किंमत सगळ्यांत कमी. माझा हात आपोआप तिकडे गेला. व्याह्यांनी तो धरला. आकडा तेलाचा होता, सीबीडीचा नव्हे. बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच. कुमाऊंत या बियांची झकास चटणी करतात, पण ती भाकरीबरोबर खायची असते.

"पोरा, फॅट किती लागलंय ते सांग," व्याही म्हणाले. मी भाषांतर केलं. पोरानं फुल स्पेक्ट्रमच्या डब्यावर बोट ठेवलं: 20:1. वीस भाग सीबीडीला एक भाग टीएचसी. मला हायसं वाटलं. तुळशीत भांग म्हणतात ती हीच, आणि तीही वीस तुळशींत एक! एवढ्याशानं काय होतंय? व्याह्यांनी काही घेतलं नाही. मी तीस गोळ्यांचा डबा घेतला.

रात्री जेवणानंतर दोन गोळ्या चघळल्या. आंबटगोड, थेट चिंचेच्या गोळीसारख्या. अर्धा तास झाला, गुडघा होता तसाच. आणखी दोन घेतल्या. मालिका बघता बघता आणखी चार कधी गेल्या ते कळलं नाही. पोटात गेलेलं टीएचसी तास-दोन तास दबा धरून बसतं, हे डब्यावर होतं, पण माझा चष्मा वरच्या मजल्यावर होता. साडेदहाच्या सुमारास मी फ्रिजपुढे हात जोडून उभा होतो आणि "बराय वहिनी, निघतो आता" असं त्याला सांगत होतो, असं साक्षीदारांचं म्हणणं आहे.

सकाळी व्याह्यांनी हिशेब मांडला. "एका गोळीत 25 मिलिग्रॅम सीबीडी. म्हंजे टीएचसी सव्वा मिलिग्रॅम. आठ गोळ्यांचं झालं धा. पाव्हणं, फॅट तेवढंच हुतं. तुम्ही लिटर वाढिवलं."

प्रमाण 20:1च राहिलं, मीच फक्त हललो. कायदा टक्के मोजतो आणि शरीर मिलिग्रॅम मोजतं. पाच ग्रॅमच्या गोळीत 0.3 टक्के म्हणजे 15 मिलिग्रॅम टीएचसी. कोलोराडोत गांजा राजरोस विकतात, तिथे एका वेळच्या खुराकाची मर्यादा 10 मिलिग्रॅम. म्हणजे जिथे गांजा खुला, तिथे दहा. आणि जिथे बंदी, तिथे हेम्पच्या नावानं पंधरा.

सीबीडीची तऱ्हा उलटी. मिरगीच्या दुर्मीळ आजारांवरच्या एपिडायोलेक्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 साली मान्यता दिली. त्यात 20 किलोच्या मुलाला दिवसाकाठी 200 मिलिग्रॅम सीबीडी सहज द्यावं लागतं, तेही डॉक्टरच्या नजरेखाली. आणि माझ्या डब्यावर 25 मिलिग्रॅममध्ये झोप, सांधे, चिंता आणि अंतर्मन एवढ्यांची सोय. शिवाय सीबीडी यकृतात इतर औषधांच्या वाटेत आडवं येतं. व्याह्यांची रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी ते नाव ऐकताच डॉक्टरांना विचारल्याशिवाय सीबीडीला हात लावू नका, असं बजावलं. पेट्रोलपंपावर हे कुणी विचारलं नव्हतं. तिथे फक्त पिशवी हवी का, एवढंच विचारलं.

आमच्या कन्येनं 2017चा एक अभ्यास वाचून दाखवला. ऑनलाइन विकत घेतलेली सीबीडीची 84 उत्पादनं तपासली, तर 26 मध्येच लेबलाइतकं सीबीडी होतं. 18 मध्ये टीएचसी सापडलं. मग आम्ही डब्यावरचा चौकोनी कोड फोनला दाखवला. प्रयोगशाळेचा दाखला उघडला. सुरेख दाखला! फक्त त्यावरचा बॅच नंबर दुसऱ्याच मालाचा होता. व्याह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "शेजारच्या म्हशीचा नमुना. अगदी गावाकडं आल्यागत वाटलं बघा."

2025च्या नोव्हेंबरात अमेरिकी संसदेला जाग आली. टीएचसीचे सगळे प्रकार मिळून अख्ख्या डब्यात 0.4 मिलिग्रॅमच चालेल, असा कायदा झाला; अंमलाला वर्षभराची मुदत. त्या मापानं माझ्या तीस गोळ्यांपैकी एकीचे चार तुकडे करून त्यातला एकच डब्यात ठेवता आला असता. म्हणजे 2018 पासून डबा उतू जात होता आणि झाकणावर 'समतोल' लिहिलेलं होतं.

परतायच्या आदल्या रात्री कन्येनं माझ्या बॅगेतून तो डबा काढून घेतला. मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सवाल्याला 20:1 समजावत बसण्याची माझी तयारी होती, तिची नव्हती. तेवढ्यात व्याह्यांचा फोन वाजला. गावाकडून संस्थेचा नवा सचिव रडकुंडीला येऊन बोलत होता. एक सभासद फॅट कमी लागलं म्हणून तासभर भांडत होता, पुन्हा मोजा म्हणून अडून बसला होता.

"मोज की मग," व्याही म्हणाले. "त्येच्या म्होरं, त्येच्याच दुधाचं मोज. आन् त्येला च्या पाज. लई शाना मानूस हाय त्यो."