मुक्काम पोस्ट स्वतःचंच घर

मे महिना लागला की सोसायटीतल्या गाड्यांच्या टपांवर बॅगा चढायला लागतात आणि आमच्या भाऊजींच्या चेहऱ्यावर कीव दाटून येते. "जा बाबांनो, मनालीला जाऊन गर्दी बघून या," असं ते गॅलरीतून पुटपुटतात. स्वतः मात्र पुण्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. पैशांची अडचण नाही, बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहेत. पण आधी आपलं गाव नीट बघावं, हे त्यांचं तत्त्व. हे तत्त्व स्वस्तात पडतं, हा निव्वळ योगायोग.

सुट्टी लागली की फ्रिजवर वेळापत्रक चिकटतं. 'पहाटे 5.30 चहा. 5.55 हजेरी. 6.05 प्रस्थान.' रात्री घरीच यायचं असलं तरी कागदावर 'मुक्कामी परत' असंच लिहायचं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. बसमध्ये चढल्याबरोबर दिवसाचा पास काढायचा आणि एकदा काढला की तो वसूल होईपर्यंत कुणाला खाली उतरू द्यायचं नाही. सामान उचलायला मी असतोच. मेहुण्यांचा जन्म त्यासाठीच असतो.

पर्वतीच्या पायऱ्या 103. भाच्याने मोजल्या तेव्हा 98 भरल्या. भाऊजींनी त्याला पुन्हा खाली नेलं. दुसऱ्या खेपेला बरोब्बर 103 भरल्या. पोरगं हुशार आहे.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचा त्यांनी आठवडाभर अभ्यास केला होता. वाघ कुठे, साप कुठे, सावली कुठे, सगळं पाठ. फक्त ते बुधवारी बंद असतं, तेवढं राहून गेलं. बंद फाटकासमोर दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. भाऊजींनी शिट्टी फुंकली आणि तिथेच उन्हात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शहरात कसं आणलं, ते सांगायला घेतलं. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावरून पाणी पेठांमधल्या हौदांपर्यंत! भाची म्हणाली, "बाबा, आपल्या बाटलीतलं पाणी पण आणा ना." ती बाटली वेळापत्रकाप्रमाणे 11.15 ला उघडायची होती.

केळकर संग्रहालयात मात्र माणूस वेगळाच होतो. एरवी पाटी वाचून दाखवल्याशिवाय पुढे न सरकणारे भाऊजी तिथल्या अडकित्त्यांसमोर गप्प उभे राहतात. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू. भांडी, दिवे, वाद्यं, आंघोळीत टाचा घासायच्या वज्र्यासुद्धा. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे सगळं उभं आहे, हे पोरांना सांगताना त्यांचा आवाज उतरतो. एवढ्यापुरते भाऊजी मला खरंच आवडतात. मग बाहेर येऊन ते दोघांत एक मस्तानी मागवतात आणि प्रश्न मिटतो.

पेशवे उद्यानातली फुलराणी 1956 पासून धावते आहे. "मुलांसाठी जायला हवं," असं म्हणत रांगेत पहिले उभे राहिले ते भाऊजी. पोरांनी तिकडे पाठ फिरवली. त्यांना मोबाइल हवा होता. शेवटी शिट्टी माझ्याकडे देऊन ते एकटेच डब्यात बसले, गुडघे हनुवटीला टेकवून. गाडी वळणावर आली तेव्हा त्यांनी आम्हाला हात केला. आजूबाजूच्या आया हसल्या. पोरांनी ओळख दाखवली नाही.

रात्री हिशेबाची वही निघते. डावीकडे मनालीचा अंदाजे खर्च, उजवीकडे आजचा. मधली रक्कम 'शिल्लक' म्हणून लाल शाईत. ताईने एकदा विचारलं, "ही शिल्लक आहे कुठे?" भाऊजी म्हणाले, "अगं, ती तात्त्विक आहे."

या सगळ्यात पहाटे चारला उठून दशम्या लाटणं, दह्यामिरच्या भरणं आणि परत आल्यावर डबे घासणं या कार्यक्रमांना वेळापत्रकात रकाना नव्हता. शनिवारवाड्याच्या दिवशी 5.55 ची शिट्टी झाली, आम्ही हजर. ताई मात्र पांघरुणातच.

"अहो, तुम्ही या जाऊन. मी आज हॉटेलवरच थांबते."

"कुठल्या हॉटेलवर?"

"ह्याच. मुक्कामाच्या. आणि नाश्ता भाड्यातच धरलेला असतो ना? कांदेपोहे पाठवा, आठपर्यंत. चहा मात्र आत्ताच. आणि या चादरी बदलायला सांगा कुणाला तरी."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सामान खाली ठेवून खुर्चीत बसलो. म्हटलं, मीही इथे उतरलोय. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून दबका आवाज आला, "अरे, पोहे किती तास भिजत घालायचे?"

भाचीने पेन्सिल घेतली आणि फ्रिजवरच्या 6.05 पुढे लिहिलं, 'गाडी उशिराने धावत आहे.'