दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत

तोच प्रयोग पुन्हा केला की तेच उत्तर येत नाही, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ हैराण आहेत. आपल्या जैवरासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. ई. कोलायच्या वाढीचा आलेख इथे बॅचमागून बॅच दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत जुळतो. सीनियरचे जर्नल जसेच्या तसे पुढच्या पिढीकडे जाते. (एकाने त्यावरचा चहाचा डागही उतरवला, वसाहतीची आकृती समजून.) ३७ अंशांना हा जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर जर्नलेही मागे नसतात.

फर्मेंटरची निगा तर आदर्शच. तपासणी समिती आली की आच्छादन निघते, गेली की चढते. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला १२१ अंश आणि किमान १५ मिनिटे लागतात. कुलपाला काहीच लागत नाही.

आमची एक नम्र सूचना: पुढच्या सत्रापासून जर्नल जिवाणूंनाच वाचायला द्यावे, म्हणजे कोणत्या वेगाने वाढायचे ते त्यांना कळेल.

एका मुलीने मात्र ६०० नॅनोमीटरला खरोखरच रीडिंग घेतली. बिंदू रेषेवर बसेनात. दहापैकी चार, आणि लाल शाईत शेरा: ‘प्रयोग काळजीपूर्वक करावा.’ आता ती छंद म्हणून खोलीत इडलीचे पीठ आंबवते आणि दर तासाला पीएचची पट्टी बुडवून आकडा टिपते. परवा रेक्टरबाईंनी पातेले जप्त केले. प्रयोग करायला प्रयोगशाळा आहे, असे त्यांनी बजावले.