साप्ताहिक

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी दोन गोष्टी न चुकता येतात. एक पेपरची पुरवणी आणि दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे ते. पुरवणी साडेसातला येते, हे पावणेनऊला. आमच्या फोडणीचा वास जिन्याने वर पोचायला तेवढा वेळ लागतच असावा. त्यांना खरं नाव आहे, खाली लेटरबॉक्सवर लिहिलेलंही आहे. पण आमच्या हिने त्यांना एकदा ‘साप्ताहिक’ म्हटलं आणि तेव्हापासून मलाही दुसरं काही सुचत नाही. “साप्ताहिक आलं हो,” असं ओट्याजवळून हळूच म्हणून ती मूठभर पोहे वाढवते. वर्गणी म्हणाल तर तेवढीच.

ते येतात, टीपॉयवर फोन पालथा ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, “तर, या आठवड्यात काय झालं...”

या आठवड्यात काहीही झालेलं नसतं. निदान त्यांच्या बाबतीत तरी नाही. वय 54, फोर्टमध्ये नोकरी, डोंबिवलीहून फास्ट लोकल, जाऊन-येऊन अडीच तास. पण त्या अडीच तासांत हा माणूस जे बघतो, वाचतो आणि योजतो, त्याला आपल्याला पंधरवडा पुरणार नाही.

आधी मनोरंजन. इथे एक खुलासा करायला हवा. ‘बघितला’ या क्रियापदाचा त्यांचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा ऐसपैस आहे. ट्रेलर बघितला तरी सिनेमा बघितला. तीन तासांची गोष्ट कुणीतरी बारा मिनिटांत भरभर सांगून टाकतो, तो व्हिडिओ पाहिला तरी सिनेमा बघितला, आणि तोही दीडपट वेगाने, म्हणजे आठच मिनिटांत. मध्यंतरी त्यांनी सोळा भागांची एक कोरियन मालिका ‘बघितली’. शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाच्या फोनवर, त्याच्या खांद्यावरून. आवाज त्या मुलाच्या कानात आणि चित्र यांच्या डोळ्यांत, असा संसार. संवाद ऐकू येत नव्हते म्हणून यांनी स्वतःच रचले. ती नायिका मामेबहिणीच्या स्थळावरून घरी भांडते आहे, असं त्यांनी मला तीन रविवार सांगितलं. कोरियात मामेबहिणीच्या स्थळावरून भांडणं होतात का, हे विचारायची माझी छाती झाली नाही, कारण गोष्ट खरोखर रंगली होती. “पुढे?” मी विचारलं.

“पुढे ठाणं आलं. तो पोरगा उतरला.”

घरी मोठा टीव्ही आहे. त्यावर मेहुण्याच्या कृपेने चार-पाच ॲप होती आणि यांचा कोपरा ‘भावोजी’ या नावाने होता. पुढे त्यातल्या एका कंपनीने दुसऱ्याच्या घरचा पासवर्ड चालेनासा केला. त्या रविवारचा अंक काळ्या चौकटीत निघाला म्हणा ना. पण उरलेल्यांतही शनिवारी रात्री काय होतं, ते मला वहिनींनी जिन्यात सांगितलं आहे. जेवणं उरकून सगळे बसतात. रिमोट यांच्या हातात. हे पुढे जातात, मागे येतात, चित्र मोठं करतात, वर्णन मोठ्याने वाचतात, “हे नंतर बघू,” म्हणून यादीत टाकतात. चाळीस मिनिटांनी मुलगी झोपायला जाते. मग ‘अशी ही बनवाबनवी’ लागतो. 1988 चा सिनेमा! घरातल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे, तरी सगळे पुन्हा बसतात आणि झोपायला गेलेली मुलगीही बाहेर येते. रविवारच्या अंकात मात्र या सिनेमाचा उल्लेख नसतो. ताजी बातमी नव्हे ना.

नाटक मात्र ते जातीने बघतात. सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात प्रयोग लागला की पहिल्या दिवशी तिकीट. परीक्षण दोन वाक्यांत: “पहिला अंक बरा. वडा गार.”

मग तंत्रज्ञान. टीपॉयवर पालथा पडलेला फोन सहा वर्षांचा आहे. काचेवर तडा, त्यावर स्क्रीनगार्ड, स्क्रीनगार्डवर दुसरा तडा. कव्हरचं लोहचुंबक गेलंय म्हणून मिरच्यांच्या पुडीचा रबर. आणि या फोनवर बोट फिरवत ते मला घडी पडणाऱ्या फोनच्या बिजागरीबद्दल सांगतात. 200 मेगापिक्सेल म्हणजे प्रत्यक्षात किती, 5,000 एमएएचची बॅटरी कुणाची टिकते आणि कुणाची नुसतीच लिहिलेली असते, व्याज नसलेल्या हप्त्यात व्याज कुठे दडवलेलं असतं, सगळं मुखोद्गत. दुकानातला पोरगा त्यांना ‘सर’ म्हणतो. एकदा गिऱ्हाइकाला समजावून सांगायला त्यानेच यांना पुढे केलं होतं. त्या गिऱ्हाइकाने फोन घेतला. हे रिकाम्या हाताने घरी आले, पण काय तेज होतं चेहऱ्यावर!

स्वतः का घेत नाहीत? “पुढच्या महिन्यात नवा येतोय, तेव्हा हा उतरेल.” 2019 पासून ‘पुढचा महिना’ चालू आहे.

त्यांच्या माळ्यावर मात्र आजवरच्या सगळ्या फोनांचे खोके आहेत, नोकिया 3310 पासूनचे. दिवाळीच्या साफसफाईत वहिनी दर वर्षी ते खाली काढतात आणि हे पुसून पुन्हा वर ठेवतात. खोका असला की विकताना किंमत येते, हे तत्त्व. विकला अजून एकही नाही.

चहाचा दुसरा कप आला की साप्ताहिकाचं शेवटचं पान उघडतं. हे पान स्वप्नांचं, आणि खरं सांगतो, मी बाकीचं सगळं याच्यासाठी ऐकतो. गुहागरला समुद्राजवळ वीस गुंठे, बारा कलमं, दोन खोल्या पर्यटकांसाठी. पाहुण्यांना सकाळी घावने की आंबोळी, यावर एक अख्खा रविवार गेला. मग पेपरच्या समासात आकडेमोड. कलमाला आंबे किती, डझनाला भाव काय, वानरं किती नेणार. वानरांचे वीस टक्के ते प्रामाणिकपणे वजा करतात.

पैसे कुठून? लॉटरी. “महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 ची आहे. माझ्याहून मोठी. सरकारी आहे,” असं ते वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसं सांगतात. बक्षीस समजा एक कोटी. त्यावर 30 टक्के कर. पन्नास लाखांच्या वर म्हणून अधिभार. वर 4 टक्के उपकर. चौतीस लाखांवर गेले की हो! इथे त्यांचा आवाज खरोखर चढतो. “मध्यमवर्गीय माणसाने जगायचं कसं, सांगा!” पोह्यांची बशी बाजूला सरकते. मलाही वाईट वाटतं. ही आतून विचारते, “तिकीट काढलंय का पण?”

तिकीट काढलेलं नसतं. “बायकांना व्यवहार कळत नाही,” हे पुटपुटतात, पण हिला ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात.

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. माझा फोन बादलीत पडला. मी रिक्षा करून स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, पोराने दाखवला तो फोन घेतला आणि वीस मिनिटांत घरी आलो. रविवारी साप्ताहिकाने तो टीपॉयवर पाहिला. चष्मा कपाळावरून खाली आला.

“घेतलात?”

“घेतला.”

“बघितला नाही, काही नाही, घेतलात?”

पोहे अर्धे टाकून ते उठले. पुढचे दोन रविवार अंक निघाला नाही. हिने भिजवलेले जादा पोहे मी खाल्ले आणि आठवड्यात जगात काय चाललंय ते मला अजिबात कळलं नाही.

तिसऱ्या रविवारी पावणेनऊला बेल वाजली. ते बसले. माझा फोन उचलला, उलटा केला, कानाशी धरून हलवला, दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला.

“चालेल,” म्हणाले. मग जरा पुढे झुकून, काळजीच्या सुरात, “खोका टाकून नाही ना दिलात?”

“आहे की.”

“मग आणा इकडे. तुमच्याकडे हरवेल. माझ्या माळ्यावर जागा आहे.”