सहा इंची पाइप, चार इंची भोक

परभणीत हल्ली नव्या घराची वास्तुशांत झाली की पाहुण्यांना आधी देवघर दाखवत नाहीत, चिमणी दाखवतात. घर वसमत रोडला असो की जिंतूर रोडला, तीन खोल्यांचं असो की तीन मजल्यांचं, ओट्यावर काचेची कमान आणि तिच्या डोक्यावर छताकडं निघालेलं चकचकीत स्टीलचं नळकांडं पाहिजेच. त्यावरची प्लास्टिकची झिल्ली वर्षभर काढत नाहीत, म्हणजे वस्तू नवी राहते. पाहुणेही रीतीप्रमाणं मान वर करून विचारतात, "सक्शन किती?" यजमान म्हणतात, "बाराशे." बाराशे काय, हे दोघांनाही ठाऊक नसतं. (तासाला बाराशे घनमीटर हवा. पण वास्तुशांतीत घनमीटर विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा जिलेबी कोण वाढतंय?)

या वैभवाला अडचण एकच. ते घरात बसत नाही.

हिशोब बघा. ओटा पावणेतीन फूट. त्यावर शेगडी. शेगडीपासून चिमणी निदान सव्वीस इंच वर ठेवा, असं सोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं; म्हणजे सव्वापाच फूट इथंच खलास. सात फुटांवर माळा, कारण माळ्याशिवाय आमच्याकडं घराला घर म्हणत नाहीत. पितळी घंगाळ, आहेरात आलेले न उघडलेले डिनर सेट, पापडाची पाटी आणि फ्रिजचं रिकामं खोकं ठेवायचं कुठं? उरले पावणेदोन फूट. तेवढ्यात चिमणीचं धड बसवायचं आणि धडावर एकात एक सरकणारी दोन नळकांडी. ही नळकांडी ज्यांनी घडवली, त्यांच्या डोळ्यांपुढं माळा नसलेलं स्वयंपाकघर होतं. त्यांच्याकडं फ्रिजची खोकी बहुधा रद्दीत जात असावीत.

मग मिस्त्री येतो. टेप लावतो, एक डोळा मिटून माळ्याकडं बघतो आणि निदान सांगतो, "बसंना मालक. कापावं लागतंय."

घरात सुतक पडतं. ईएमआय अजून सुरू झालेला नाही आणि वस्तूवर कात्री! मालकीणबाई चाचरत सुचवतात, "त्यापेक्षा माळाच थोडा कापला तर?"

"माळा कडप्प्याचा हाय बाई. कव्हर पत्र्याचं हाय."

जे मऊ, ते कापायचं. प्रशासनशास्त्राच्या जाड पुस्तकांना हे इतक्या थोडक्यात सांगता आलेलं नाही. मालक शेवटचा प्रयत्न करतात, "नीट कापशील ना रे बाबा?" त्यावर मिस्त्री ग्राइंडरची पिन खोचत म्हणतो, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आणि ठिणग्या उडायला लागतात.

खरं म्हणजे यात रडण्यासारखं काहीच नाही. ते नळकांडं म्हणजे चिमणीचा फेटा. फेटा आखूड झाला म्हणून नवरदेवाचं डोकं लहान होत नाही. धूर त्यातून जातच नाही. तो आतल्या लवचिक पाइपातून जातो, नळकांडं फक्त तो पाइप पाहुण्यांपासून लपवतं. कापायचं तर वरचा तुकडा, त्याचंही जे टोक माळ्याखाली दडणार तेच. खुणेवर कागदी टेप चिकटवायची, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. कडेला कानस फिरवायची, म्हणजे हात चिरत नाही. पुष्कळ कव्हरांच्या वरच्या टोकाला जाळीसारख्या चिरा असतात. त्या हवा घरातच परत सोडणाऱ्या बिनपाइपाच्या चिमणीसाठी. पाइप बाहेर काढला असेल तर त्या बिनधास्त उडवाव्यात. एवढं काम एका चहात होतं. पण घरचे सगळे मिळून याच कापण्यावर डोळे लावून बसतात. वहिनी मोबाइलवर व्हिडिओ काढतात, मामा लांबून "सरळ, सरळ" म्हणतात. कड वाकडी गेली तर मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार.

आणि हे सुतक चालू असताना खरी कत्तल माळ्यावर होते. तिथं कुणी बघत नाही.

चिमणीचा पाइप सहा इंची. भिंतीतलं भोक चार इंची, कारण गवंड्याकडं त्या दिवशी बाथरूमच्या पाइपाचा तुकडा उरला होता. मिस्त्री क्षणभरही अडत नाही. सहा इंची पाइपाचं तोंड चेपतो, चार इंचीत कोंबतो, वरून चिकटपट्टीचे वेढे देतो. "दोनच इंचाचा फरक हाय मालक." सातवीच्या पुस्तकातलं वर्तुळ इथं सूड घेतं. व्यास सहाचा चार झाला की तोंडाचं क्षेत्रफळ छत्तिसाला सोळा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. डब्यावरचे बाराशे हे नळी मोकळी असेल तर. नाही तर मोटार बोंबलते बाराशेची आणि धूर निघतो उदबत्तीएवढा.

गंमत पुढंच आहे. हा लवचिक पाइप लागेल तेवढाच ताणून उरलेला कापून टाकायचा असतो, कारण प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक सुरकुतीत हवा अडखळते. पण तो मात्र कुणी कापू देत नाही. "फुकट आलाय, राहू द्या की!" मग तो माळ्यावर घंगाळाला वेटोळं घालून पडून राहतो, आणि खालच्या फोडणीचं तेल वर्षानुवर्षं पीत राहतो. जे कापायचं ते जपलं, जे जपायचं ते चेपलं, आणि ज्याचा कशाशी संबंध नाही त्याच्यासाठी घरभर डोळ्यांना पदर.

याच गावात कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. घराची व्यवस्था हा तिथं रीतसर अभ्यासाचा विषय आहे. पण घर बांधताना आम्ही विचारतो कुणाला? वास्तुवाल्याला. तो आग्नेय कोपरा दाखवतो, अग्नीची सोय लावतो आणि पाकीट घेऊन जातो. अग्नीपाठोपाठ धूर येतो, हे त्याच्या शास्त्रात नसावं.

आजोबांच्या माळवदाच्या घरात ही भानगड नव्हती. छताला साणं असे. उजेड खाली येई, धूर वर जाई, पाऊस आला की त्यावर झाकण. सगळा धूर जात नसे, आजीचे डोळे कायम लाल असत. त्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या चुलीपुढं एक पावसाळी संध्याकाळ काढावी. पण भोक आधी ठरत होतं, चूल नंतर. मग 1983 च्या सुमारास सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. निर्धूर चूल! 2002 मध्ये तो गुंडाळेपर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली मांडल्या गेल्या. पाइप छपराबाहेर काढायचा होता, पण धाब्याचं माळवद फोडायचं म्हणजे पावसाला आवतण. चुलीचा हिशोब कागदावर झाला, भोकाचा कुणाच्या कागदावर नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 या एका सालात घरातल्या धुरापायी जगात 32 लाख माणसं गेली. आमच्या पाहुण्यांनी मात्र सक्शन विचारायचं.

कापून बसवण्याची तशी परभणीला सवय आहे. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तिकडं गेलं. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळं झालं. दुसऱ्यांच्या महाराष्ट्र दिनाला झेंडा असतो, आमच्याला कधी कधी कात्रीही असते. पण हे झालं कव्हर कापणं. जिल्ह्याचा दम त्यानं कमी झाला नाही, असं नऊ तालुक्यांचे नऊ पुढारी छातीठोक सांगतील. चेपलेली नळी बघायची तर रेल्वे स्टेशनावर जा. मुदखेडहून परभणीपर्यंत रूळ दुहेरी आणि परभणीच्या पुढं संभाजीनगरकडं एकेरी. सहा इंची पाइप, चार इंची भोक! गाड्या येतात ऐटीत आणि पुढं क्रॉसिंगला थांबून वाफ दवडतात. या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं 31 जुलै 2025 ला मंजुरी दिली. म्हणजे भोक मोठं करायचं हे दिल्लीलासुद्धा शेवटी पटलं. आमच्या मिस्त्रीला पटायला किती मंत्रिमंडळं लागतील, सांगता येत नाही.

तोवर धूर आपली वाट शोधतोच. आमच्या गल्लीत एका चिमणीचं तोंड शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत उघडतं. ठेचा एका घरात, ठसका दुसऱ्या घरात. काकूंनी वाळत घातलेल्या साड्यांना काळ्या मसाल्याचा वास येतो, आणि येसर कधी भाजला हे त्या तारखेसह सांगतात. तक्रार केली तर उत्तर तयार: "कंपनीची चिमणी आहे काकू, बाराशेची."

तेव्हा मंडळी, कव्हर खुशाल कापा, व्हिडिओ काढा, मामांना बोलवा. पण चिमणीचं खोकं घरी येण्याआधी भिंतीत सहा इंची भोक पाडून घ्या, आणि ते पाडण्याआधी पलीकडं कुणाची खिडकी आहे, हे स्वतः जाऊन बघून या.