कशावर काढला?

पुतण्याच्या लग्नाचा अल्बम भाऊंच्या हाती लागू देऊ नका, असं मी घरात बजावून ठेवलं होतं. पण पाहुणा टेकला की अल्बम बाहेर काढायचा, हा आपल्याकडचा रिवाज चहाच्याही आधीचा. भाऊंनी मधलंच पान उघडलं. नवरी रडतेय, नवरदेव घामानं निथळतोय, मागं मामा डोळ्यात अक्षता गेल्यानं एकाच डोळ्यानं आशीर्वाद देतोय. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाला भिडवला आणि विचारलं, ‘कशावर काढला?’

नवरी कुठली, काय शिकलीय, मामाचा डोळा वाचला का, काही नाही. कशावर काढला.

असे भाऊ तुमच्याही ओळखीत आहेत, तेव्हा वर्णन करत बसत नाही. आमचे पाचोडचे आहेत, एवढंच. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ‘लेख कशावर टाइप केला’ म्हणून फोन येईल. मोसंबीची बाग, धुळे-सोलापूर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर घर, आणि घरात एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली वहिनींच्या कमरेला नाही, भाऊंच्या करगोट्याला आहे. आत सोनं नाही, लेन्स आहेत. पावसाळी हवेत लेन्सला बुरशी धरते म्हणून कपाटात रात्रंदिवस एक बल्ब जळतो. वहिनींच्या पापडांना बुरशी धरली तेव्हा मात्र ‘ऊन दाखवा’ एवढाच सल्ला मिळाला होता.

भाऊंचं चलन रुपया नव्हे, मोसंबी. ‘सत्तर-दोनशे, टू पॉइंट एट. दोन लाखांच्या घरात. म्हणजे आपली दहा टन.’ हे टनाला वीस हजार मिळाले तर. पाचोडच्या मोसंबी बाजारात भाव दहावर आला की तीच लेन्स कपाटात बसल्या जागी वीस टनांची होते. आंबिया बहार धरताना झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात. तसा ताण भाऊ दर वर्षी घरच्यांना देतात, आणि तोडणी आटोपली की दारात कुरिअरवाला उभा. एकदा टपरीवर कुणी तरी सहज म्हणालं, ‘भाऊंकडं काल नवी बॉडी आली.’ बाकावरचा परगावचा माणूस चहाचा कप खाली ठेवून हळूच विचारता झाला, ‘मग, कवा नेणार?’

भाऊंच्या जगात जातिव्यवस्था अजून शाबूत आहे. फुल फ्रेम, म्हणजे ज्याचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, तो वरचा. त्याहून लहान सेन्सरवाले ते क्रॉप. त्यांच्याशी रोटीव्यवहार चालतो, बेटीव्यवहार नाही. मोबाइलवाल्यांची तर पंगतच निराळी. त्यातही लेन्सच्या तोंडाशी लाल कडी असली तर कूळ उत्तम. अशी पांढऱ्या रंगाची, लाल कडीची, दुधाच्या किटलीएवढी लेन्स लावून भाऊ आठवडी बाजारात उभे राहिले की लोक त्यांना वाहिनीवाले समजून कांद्याच्या भावाबद्दल गाऱ्हाणं सांगायला लागतात. भाऊ शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘जरा उजेडाकडं सरका.’

त्यांच्यावर खरा घाला पडला २०१८ साली. कॅननचे आरसा नसलेले फुल फ्रेम कॅमेरे आले, आणि १९८७पासून चालत आलेली लेन्स बसवायची खाचच बदलली. कपाटातलं सगळं गणगोत एका रात्रीत जुनं झालं. आठवडाभर भाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, ‘आतला आरसा काढून टाकला म्हणता, मग भाव उतरायला पाहिजे का चढायला?’ या प्रश्नाला त्यांच्याकडं अजून उत्तर नाही.

पण ‘कशावर काढला’ काही सुटलं नाही. शेजाऱ्याचा पोरगा मोटारसायकलवरून पडला. बापानं काळजीनं एक्स-रे भाऊंच्या हातात दिला, कारण फोटोतलं कळणारा गावात हा एकच माणूस. भाऊंनी तो खिडकीशी धरला. बाप म्हणतोय, ‘हाड मोडलंय का?’ भाऊ म्हणतायत, ‘कॉन्ट्रास्ट चांगला आहे. कशावर काढला?’ सुनेच्या सोनोग्राफीच्या वेळी मुलानं रिपोर्ट दडवूनच ठेवला. आणि २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान उतरलं, तेव्हा ग्रामपंचायतीसमोर फटाके वाजत होते, पेढे वाटले जात होते. चंद्राच्या जमिनीचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर आला. भाऊंनी पेढा गालात धरून विचारलं, ‘कशावर काढला?’ सातवीतला एक पोरगा ओरडला, ‘भाऊ, चंद्रावर!’

हिवाळ्यात नाथसागरावर रोहित पक्षी येतात. हा जलाशय १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तरी पक्ष्यांपेक्षा लेन्सचीच गर्दी मोठी. भाऊंसारखेच आणखी तिघे तिकडं भेटतात. एकाची लेन्स दीडशे-सहाशे, दुसऱ्याची सहाशेची प्राइम, म्हणजे झूम न होणारी आणि त्यामुळे दुप्पट मानाची. एका पहाटे मी सोबत होतो. चौघं एकमेकांच्या लेन्स हातात घेऊन वजन करत होते, तोवर दिवस वर आला आणि समोरचा गुलाबी थवा उठून पैलतीराला गेला. घरी येऊन भाऊंचं कार्ड पाहिलं. सहाशेच्या प्राइमचे तीन बाजूंनी काढलेले देखणे फोटो होते. चोच कुठंच नव्हती.

अजिंठ्याला गेलो तेव्हा म्हटलं, यांना जरा इतिहास सांगून गप्प करू. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज फौजी अधिकारी १८४४ साली या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला, वर्षानुवर्षं रंगवत राहिला. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. भाऊंनी मान हलवली. ‘म्हणजे बॅकअप नव्हता.’ मी पुढं रेटलं. गिलनं इथं कॅमेराही चालवला. काचेला रसायन फासायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. असल्या उद्योगातून अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो १८६४मध्ये पुस्तकात छापून आले. एकाच वेळी दोन चित्रं टिपायची, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहताना दगडाला खोली येते. भाऊ थबकले. मला वाटलं, लागलं मनाला. ‘दोन लेन्स,’ ते हळूच म्हणाले, ‘दोन्ही सारख्याच लागल्या असतील. पैसा होता बुवा माणसाकडं.’

त्याच दिवशी मी ठरवलं होतं, या माणसावर एकदा सणसणीत लिहायचं. लिहायला बसलो आणि पंचाईत झाली.

२०१२-१३च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्या उन्हाळ्यात भाऊंनी दोन लेन्स विकून झाडांना टँकरचं पाणी घातलं. स्वतः कधी बोलले नाहीत. वहिनींनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात, ‘घेताना टनात, विकताना टँकरात.’

आणि दुसरं म्हणजे ओसरी. भाऊंच्या ओसरीला उत्तरेचा मऊ उजेड येतो. तिथं एक स्टूल आहे, मागं धुतलेलं घोंगडं टांगलेलं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला भाऊ तिथं बसवतात, पंच्याऐंशीची लेन्स लावतात आणि फोटो काढतात. पैसा घेत नाहीत. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी गावात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत फोटोची शोधाशोध व्हायची. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करायचा. खांद्यावर कुणा तिऱ्हाइताचा हात तसाच राहायचा, त्यावरूनच हार. खुद्द भाऊंच्या वडिलांचा भिंतीवरचा फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग आहेत. त्या फोटोबद्दल ‘कशावर काढला’ असं भाऊंना विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

सुरुवातीला भाऊ कॅमेरा घेऊन पारावर आले की म्हातारे पांगायचे. ‘माझा नंबर नाही अजून, तिकडं जा.’ आता सवय झाली. रात्री-अपरात्री फोन येतो, भाऊ कपाट उघडतात, सकाळी तिरडी बांधेपर्यंत फोटो तयार असतो. गावानं या प्रकाराला नावही दिलंय: अमका फुल फ्रेममध्ये गेला. भाऊंना हे नाव बिलकूल आवडत नाही. त्यांचं म्हणणं, त्यातले काही फोटो क्रॉप सेन्सरवरचे आहेत.

त्या ओसरीवर भाऊंना पाहिलं की एक शंका येते. फोटोबद्दल बोलायला गेलं की फोटोतल्या माणसाबद्दल बोलावं लागतं. ते या गृहस्थाला झेपत नाही. समोर ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली तो चुलता बसलेला असतो, आणि भाऊ ॲपर्चरचे आकडे पुटपुटत असतात. अर्थात शंकाच. नुसता शिष्टपणाही असेल, तो आहेच.

परवा एक आजी आपणहून आल्या. त्यांचा फोटो चार-पाच वर्षांपूर्वीच काढून झालाय. ‘त्यो जुना झाला,’ आजी म्हणाल्या, ‘आता कवळी बसवलीय. नवा काढ.’ भाऊंनी लेन्स पुसली, उजेड मोजला, घोंगडं सारखं केलं. स्टुलावर बसल्या बसल्या आजींनी कनवटीचा नातवाचा मोबाइल काढून पुढं केला. ‘ह्याच्यावर काढ रं. पुण्याला लगेच धाडायचाय.’

मी श्वास रोखून पाहत होतो. भाऊंनी मोबाइल हातात घेतला, उलटा केला, सदऱ्याच्या टोकानं पाठीमागचा ठिपका पुसला आणि विचारलं, ‘कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे?’

‘मला काय म्हाईत,’ आजी म्हणाल्या, ‘रिचार्ज संपत आलाय, एवढं ठावं हाय. हाण लवकर.’