डोळ्यांचं दुखणं, तळपायाचं तूप

मे महिन्याच्या दुपारी ओमतीच्या चौकातून जाणारा जबलपूरकर एका हातानं स्कूटर आणि दुसऱ्या हातानं डोळे सांभाळत असतो. सांभाळतो म्हणजे चोळतो. लू अंगावर येत असते, तिच्याबरोबर अख्ख्या शहराची धूळ, आणि मूठ वळून, बोटांची पेरं खोबणीत खुपसून, माणसं अशा त्वेषानं डोळे रगडतात की मागच्या जन्मीचं काही देणं वसूल करायचं असावं. त्या गदारोळाच्या बरोबर वर, एका अरुंद जिन्याच्या टोकाला, पार्लर आहे. भुवया कोरायला म्हणून मी तिथे जाते. तिथली पोरगी दोरा बाजूला ठेवून माझ्या डोळ्यांखालच्या भागाकडे पाहू लागली. पटवारी वादातल्या शेताकडे पाहतो तसं. मग बदामाच्या तेलाचा एक थेंब माझ्याच बोटावर ठेवून म्हणाली, “आंटी, रगड़िए मत। बस छूइए।”

हे तिनं करंगळीशेजारच्या बोटाला सांगितलं होतं. अनामिका हे पाची बोटांतलं सर्वांत बिनकामाचं बोट. ते स्वतंत्रपणे धड उचलताही येत नाही. मधलं बोट उठलं की हेही मागोमाग उठतं, मोठ्या भावाच्या लग्नात मिरवणाऱ्या धाकट्यासारखं. पण डोळ्यांभोवती हात फिरवायचा तर जगभर याच बोटाची शिफारस होते, आणि कारण एकच, त्याच्या अंगात जोर नाही. आमच्या घरी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला गंध लावायलाही हेच बोट असे. अंगठ्यानं किंवा तर्जनीनं गंध लावलं की आजी हात बाजूला करायची. देवाचं कपाळ आणि माणसाच्या डोळ्याखालची कातडी, दोन्हीकडे दुबळ्यालाच प्रवेश, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

कारण ती कातडी खरोखरच नावापुरती असते. पापणीवरची त्वचा साधारण अर्धा मिलिमीटर, सबंध देहात सर्वांत पातळ. खाली चरबीचा आधार जवळजवळ नाही, तेलाच्या ग्रंथीही मोजक्या, आणि तिच्यामागे डोळ्याला वेढून बसलेला एक वर्तुळाकार स्नायू, जो मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी मिटवत असतो. आमचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. १९०४ साली उभी राहिलेली ती फॅक्टरी जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांची चूल पेटवत आली. अर्धा मिलिमीटर म्हणजे केवढं हे आजोबांच्या बोटांना मायक्रोमीटरशिवाय कळत असे. लोखंडाच्या तुकड्यावरून नख फिरवून ते “अजून जरा घासायला हवं” म्हणत, आणि ते खरं निघे. पण या माणसानं आपल्या, आजीच्या किंवा आमच्यापैकी कुणाच्या चेहऱ्याला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

डोळ्यांची काळजी आमच्या घरात तळपायाला घेतली जायची. उन्हातून आल्यावर डोळे जळजळले की आजी काशाची वाटी काढायची. पायांना साजूक तूप लावायचं आणि वाटीचं बूड टाचेपासून चवड्यापर्यंत गोलगोल फिरवत राहायचं. हळूहळू तूप करडं होई, मग काळंकुट्ट. “बघ, केवढी उष्णता निघाली!” आजी म्हणायची आणि आम्ही अचंब्यानं आपल्याच पायातून निघालेल्या आगीकडे बघत बसायचो. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूवर आंबूस तूप घासलं की काळं निघणारच, पाय कुणाचाही असो, हे पुढे कळलं. कळलं म्हणून ती थंडाई कमी झाली नाही. शिवाय आजीच्या पाठीशी वाग्भट उभा होता; अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत रोजच्या अभ्यंगाची शिफारस आहे, आणि त्यातही डोकं, कान नि तळपाय यांवर विशेष भर. चेहऱ्याचं नाव त्या यादीत नाही. आमचं घर वाग्भटाच्या पुढे दोन पावलं. चेहरा लहानपणी, न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या पायांवर पालथं-उताणं होताना काय चोळला गेला असेल तेवढाच. त्यानंतर पायांना तूप, पायांना नमस्कार, आजारपणात पाय दाबणं. माया करायची ती घोट्याखाली. वर चढायला कुणाची छाती होत नसे. पुरुषांचा चेहरा निदान न्हाव्याच्या तरी हाती लागे. ओमतीच्या सलूनमध्ये दाढीनंतर दहा मिनिटं गाल चोपून घेणारे गृहस्थ डोळे मिटून जे मंद हसत असतात, ते मला आता समजू लागलं आहे.

पार्लरमधल्या पोरीनं दाखवलेली रीत साधी होती. पापणीला हात लावायचा नाही, खालच्या हाडाच्या कडेवरून जायचं. नाकाजवळच्या कोपऱ्यातून बाहेर, कानशिलाकडे. मग वरून भुवईच्या कमानीखालून तसंच. त्यामागचं तर्कशास्त्रही नीटनेटकं आहे. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला असा पंप नाही. रात्रभर आडवं पडल्यावर डोळ्यांखाली पाणी साचतं आणि सकाळी आरशात आपले कुणी वडीलधारे नातेवाईक दिसतात. बोटानं बाहेरच्या बाजूला वाट करून दिली तर ते पाणी कानापुढच्या गाठींकडे सरकतं. एवढंच. काळी वर्तुळं वारशानं आली असतील तर ती बदामाच्या तेलानं जात नाहीत, इस्टेटीसारखी ती पुढच्या पिढीला द्यावी लागतात.

जोर मात्र नको. जोरानं चोळून बुबुळाचा आकार बिघडू शकतो हे डोळ्यांचे डॉक्टर कळवळून सांगतात. नेत्रगोल दाबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९०८ साली आश्नर आणि डाग्निनी या दोघांनी वेगवेगळं नोंदवलं. डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारे आजही ते ध्यानात ठेवतात. नजर आणि काळीज यांचा थेट संबंध असल्याचं कवी इतकी वर्षं सांगत होते. त्यांचं म्हणणं शेवटी शरीरशास्त्राच्या वहीत चढलं, तेही धोक्याची सूचना म्हणून.

हल्ली यासाठी दगडाचे रोलर मिळतात, हिरवे, गुळगुळीत, फ्रीजमध्ये ठेवून फिरवायचे. भाचीनं मला एक पाठवला आहे. भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या शंभरेक फुटी कड्यांना किती युगं पाण्याचा हात लावत आली आहे. त्या गावच्या बाईनं दगडाकडून तोंड चोळून घ्यायचं, याची मला नदीसमोर थोडी लाज वाटते. गंमत म्हणजे धुआंधार धबधब्यावर ती एवढी आदळआपट करते, आणि दगडाला झळाळी दिसते ती पुढे, जिथे ती गप्प होऊन सरकते तिथे.

डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांबद्दल मी त्या पोरीशी थोडी हुज्जत घातली. माणूस मनापासून हसतो तेव्हाच डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, नुसत्या ओठांच्या हसण्यात तो भाग घेत नाही, असं ड्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्यानं १८६२ साली लिहून ठेवलं आहे. म्हणजे सुरकुत्या टाळायच्या तर खोटं हसावं. हिंदीतले व्यंगकार हरिशंकर परसाई ज्या शहरात राहिले, ‘वसुधा’ मासिक काढत होते, त्या शहरात पन्नाशी ओलांडून कडा कोऱ्या कशा राहाव्यात? पोरीनं परसाईंचं नाव ऐकलं नव्हतं. “तो आप हँसना थोड़ा कम कीजिए,” ती म्हणाली, आणि मला डोळ्यांच्या कडांसकट हसू आलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यांना बोट लावायची मनाई होती. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर एका संध्याकाळी मी अनामिकेवर तेलाचा थेंब घेतला आणि तिच्या डोळ्याखालच्या हाडावरून हळूच फिरवला. ती कातडी बोटाखाली रेशमी कापडाच्या घडीसारखी सरकली आणि परत जागेवर यायला तिनं वेळ घेतला. आईनं डोळे मिटले. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “काय हवंय तुला?”

“काही नाही गं.”

“मग पायाला लाव. तोंडाला कशाला तेल घालवतेस?” असं म्हणून तिनं कपाटाच्या किल्ल्या उशाखाली आहेत ना, हे एकदा चाचपून पाहिलं, तोंड मात्र बाजूला घेतलं नाही.