रूपरेषा सर

रूपरेषा सरांचं शिबिर असतं डिसेंबरात, पण सुरू होतं गौरी-गणपतीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सर निळी बॉक्स फाईल काखेत मारून स्टाफरूममध्ये येतात, तिच्यावरची गेल्या वर्षीची चिठ्ठी नखानं खरवडतात, नवी डकवतात आणि जाहीर करतात, "रूपरेषा तयार आहे. आता फक्त जायचं बाकी आहे." हे 'फक्त' पुढं तीन-साडेतीन महिने पुरतं. त्यांचं खरं नाव मस्टरवर आहे. मुलांना विचारलंत तर वर्गातली दोघं-तिघं सांगतील, तीही अंदाजानं.

सरांच्या खिशाला तीन पेनं असतात. निळं लिहायला, लाल खोडायला आणि हिरवं प्राचार्यांच्या हातात द्यायला, म्हणजे सही करायला पेन नाही ही सबब उरत नाही. सरकारी कामात माणूस अडतो तो नियमानं नाही, पेनानं अडतो, असा त्यांचा अनुभव आहे. पंचवीस वर्षं याच कॉलेजात काढल्यामुळं मीही तो खोडून काढू शकत नाही.

आमच्या जामखेडात सहल म्हटली की सौताडा. हाकेच्या अंतरावर, बीड जिल्ह्यात. पायऱ्या उतरायच्या, रामेश्वराला नमस्कार करायचा, धबधब्याला पाणी असेल तर फोटो काढायचे, नसेल तर पाणी जिथून पडतं त्या जागेचे काढायचे, आणि दिवेलागणीला घरी. नाहीतर चोंडीला अहिल्यादेवींचं जन्मस्थान, नाहीतर खर्ड्याचा किल्ला. रूपरेषा सर याला सहल मानत नाहीत. ज्याला जोडपत्र लागत नाही ते त्यांच्या लेखी नुसतं हिंडणं.

गेल्या वेळी त्यांना हवं होतं राष्ट्रीय उद्यान. प्रस्तावावर ठळक अक्षरांत 'पर्वतीय राष्ट्रीय उद्यानात निवासी निसर्ग शिबिर' असं छापूनही झालं होतं. शोधताना चांदोली सापडलं. राष्ट्रीय आहे, उद्यान आहे, सह्याद्रीही आहे. पण ते व्याघ्र प्रकल्पात. तिथं वाघासाठी जंगल मोकळं राहावं म्हणून गावंच्या गावं उठवलेली, आणि हे पन्नास मुलं आणि तीन ढोलक्या घेऊन मुक्कामाला निघालेले. प्राचार्य एवढंच म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात काही नाही का हो?"

होतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, 1986 साली घोषित झालेलं. त्यात 1646 मीटरचं कळसूबाई शिखर, म्हणजे महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, हरिश्चंद्रगड, कोकणकडा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, शेकरू, आणि मुख्य म्हणजे पत्रव्यवहार एकाच जिल्ह्यात. सरांनी 'राष्ट्रीय उद्यान' लाल पेनानं खोडलं आणि वर निळ्यानं 'अभयारण्य' लिहिलं. पण आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. जामखेड त्याच्या एका टोकाला आणि अकोले नेमकं दुसऱ्या. आमच्याकडून बीडला जाऊन, जेवून परत यायला लागतो त्याहून जास्त वेळ आपल्याच जिल्ह्यातल्या त्या डोंगराला नुसतं पोचायला लागतो. सर याला 'स्थानिक क्षेत्रभेट' म्हणतात.

मग समित्या नेमल्या गेल्या. वाहतूक समितीनं जामखेड आगारातून प्रासंगिक करारावर एसटी ठरवली. भोजन समितीत शेंगोळी की पिठलं यावर दोन तट पडले. सर्पदंश समितीतल्या दोघांना साप दिसल्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं, मात्र सभेचं इतिवृत्त दोघंही उत्तम लिहायचे.

मी त्यांची चेष्टा करतो खरा, पण एका गोष्टीवर करत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या कॉलेजची मुलं मुरूडच्या समुद्रात बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. त्या नियमांचं परिपत्रक फाईलमध्ये पहिलं लावलेलं आहे आणि सरांना तोंडपाठ आहे. 'पोहता येते / येत नाही' या रकान्यात कुणी नुसती टिकली मारली, तर सर त्या मुलाला बोलावून समोर बसवतात आणि विचारतात, "कुठं शिकलास? विहिरीत का कॅनॉलात? कुणी शिकवलं?" तेवढ्यापुरते ते रूपरेषा सर नसतात.

पाण्याचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. सरांचा सगळा जन्म टँकरच्या वेळापत्रकावर गेलेला. त्यामुळं यादीत पहिलीच ओळ होती: 'पिण्याचे पाणी, वीस लिटरचे जार, नग तीस.' मी म्हटलं, "सर, घाटघर-रतनवाडीला पेपरवाले नगरची चेरापुंजी म्हणतात. शेजारी भंडारदऱ्याचं धरण आहे, इंग्रजांनी 1926 साली पुरं केलेलं. तिथं जामखेडहून पाणी न्यायचं?"

"पाऊस पडतो तो पडतो," सर म्हणाले. "प्यायचं काय?"

जार गेले. एसटीच्या मागच्या तीन बाकांवर जार आणि पुढच्या बाकांवर मांडीवर मुलं, असा प्रवास झाला.

पण त्याआधी पालकसभा. ती सर दसऱ्याच्या आत उरकतात, आणि यात त्यांचं शहाणपण आहे. आमच्याकडची निम्मी संमतीपत्रं दसऱ्यानंतर मिळतच नाहीत. पालक तोवर ऊसतोडीला गेलेले असतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात तर कुणी कर्नाटकात. सभेत सरांनी 'तंबूतील निवासाचे शैक्षणिक महत्त्व' यावर अर्धा तास घेतला. मोकळ्या आभाळाखाली राहणं, तीन दगडांची चूल, काटक्या गोळा करणं, पहाटेची थंडी, स्वावलंबन. खर्ड्याकडचे एक तात्या शेवटच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून मन लावून ऐकत होते. शेवटी उठले.

"सर, म्हंजी कोपीतच ऱ्हायचं ना?"

"तंबूत हो तात्या."

"तेच. थंडीत, उघड्यावर, पोरांनी सरपण आणायचं. आन् याचं पैसं आमी भरायचं?"

"शिबिर शुल्क आहे ते."

"आवं, आमी सा म्हैनं कोपीत ऱ्हातो तर मुकादम आमाला आधी उचल देतो. तुमी उलटं आमच्याकडूनच घेता व्हय?"

सभा हसली. सरही हसले, पण उशिरा. तात्यांनी सही केली, पैसेही भरले. पोरगं बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, आजीजवळ राहून शिकणारं.

रंगीत तालीम खर्ड्याच्या किल्ल्याबाहेरच्या माळावर झाली. सरांनी सुरुवात इतिहासानं केली. "मार्च 1795! निजामाविरुद्ध सगळे मराठे सरदार इथं एकत्र आले होते. आणि आपल्याला एफ. वाय. आणि एस. वाय. एकत्र आणता येत नाहीत." मग भाड्यानं आणलेले तंबू उघडले. सर सूचनापत्रक मोठ्यानं वाचत होते, मुलं काठ्या काठ्यांत घालत होती, आणि तंबू एका बाजूनं उठला की दुसऱ्या बाजूनं बसत होता. तात्यांचा पोरगा लांब उभा होता. त्यानं चिमूटभर माती उडवून पाहिली.

"सर, तोंड फिरवा. वारं हिकडून हाय."

पत्रकात हे नव्हतं. पोरानं तोंड फिरवलं, खुंट्या तिरक्या ठोकल्या, दोरीला कसली तरी सरकती गाठ मारली, एक मोठा धोंडा उचलून पायथ्याशी ठेवला आणि पुढच्या तंबूकडे वळला. पत्रकाचं दुसरं पान उलटेपर्यंत त्याचे तीन झाले होते. सरांनी वही काढून लिहिलं: 'वारा. दिशा. आधी पाहणे.' त्याच्याकडून ती गाठ दोनदा मारून घेतली आणि तिची आकृतीही काढली. आकृतीवरून ती गाठ आजवर कुणालाही मारता आलेली नाही.

प्रत्यक्ष शिबिराबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. राजूरला पेढ्यांसाठी एसटी थांबली, ते रूपरेषेत नव्हतं. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत एका घराच्या अंगणात तंबू ठोकले, रात्री वारा सुटला, एकही उडाला नाही. गडावर केदारेश्वराच्या गुहेतला चार खांबांपैकी उरलेला एकच खांब पाहून मुलं गप्प झाली आणि सरांनी लगेच हजेरी घेतली. कोकणकड्यावर समोर नुसतं धुकं होतं. सरांनी अहवाल निघण्यापूर्वीच लिहून ठेवलेला. त्यात 'नयनरम्य सूर्यास्ताचे दर्शन घेतले' असं होतं. त्यांनी दगडावर बसून लाल पेनानं सूर्यास्त खोडला.

जार मात्र बघण्यासारखे ठरले. अंगणातल्या म्हाताऱ्या आजी ते तीस जार रांगेनं लागताना बघत होत्या.

"हे काय रं बाबा? पानी?"

"हो आजी. जामखेडहून."

"आत्ता कशाला आणलं? आत्ता हाये की. आणायचं तर मे महिन्यात आणा, आम्हालाच हंडे घेऊन लांब जावं लागतं."

सर जागच्या जागी उभे राहिले. एवढा पाऊस कोसळतो, धरण भरतं, पाणी खाली जातं आणि उन्हाळ्यात याच वाड्यांना टंचाई. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "बघा. मी जारचं म्हणत होतो ना!" पुढचे दोन दिवस त्यांच्या चालण्यात रुबाब होता.

या वर्षीची रूपरेषा त्यामुळं मुळापासून बदलली आहे. शिबिर मेअखेरीस. कारणं तीन: काजवे तेव्हाच दिसतात, जार तेव्हाच लागतात, आणि तात्या तेव्हाच घरी असतात. तिसरं कारण सरांनी प्रस्तावात 'साधनव्यक्तीची उपलब्धता' असं घातलं आहे. तात्यांना कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर पत्र गेलं: 'तंबू उभारणी व क्षेत्रीय निवास या विषयावर मार्गदर्शन करावे ही विनंती. नियमानुसार मानधन व प्रवासखर्च देय राहील.' पोरानं ते फोनवर वाचून दाखवलं असावं, कारण तासाभरात तात्यांचाच फोन आला. सरांनी तो स्टाफरूममध्ये स्पीकरवर टाकला.

"सर, येतो की. पन ते मानधन का काय, ते मागून देनार ना?"

"हो तात्या, शिबिर झाल्यावर. बिल सादर केलं की."

"तसं न्हाई जमायचं. उचल किती देता ते बोला."

सरांनी फोनवर हात ठेवला, फाईल पुढं ओढली आणि अत्यंत गंभीरपणे मला विचारलं, "उचल कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकतात हो?"